स्मृतिभ्रंश आणि ऑक्सिजनचं चेंबर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सासऱ्यांना (वय ७४) अल्झायमर आहे. एका केंद्राने ‘हायपरबॅरिक ऑक्सिजनच्या ४० सिटिंग घ्या, विसरणं कमी होईल’ असं सांगितलंय. घ्याव्यात का? (सांगली)

उत्तर : आज हाती असलेल्या पुराव्यावर तरी पैसे घालू नयेत. हायपरबॅरिक म्हणजे बंद चेंबरमध्ये दाब वाढवून ऑक्सिजन देणं. पाणबुड्यांना वर येताना होणारा दाबाचा विकार, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, मधुमेहात पायाची न भरणारी जखम, किरणोपचाराने खराब झालेलं हाड, अशा ठिकाणी हा उपचार मान्य आहे. अल्झायमर त्या यादीत नाही. त्यावरचे दावे सिद्ध झालेले नाहीत, असं अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०२१ मध्ये लोकांना बजावलंही होतं.

केंद्रवाले ज्या अभ्यासांची कात्रणं दाखवतात, ती नीट वाचा. इस्रायलमध्ये २०२१ साली ६० सिटिंगनंतर स्मृती सुधारल्याचं छापून आलं, पण त्यातले ज्येष्ठ होते अवघे सहा. बाकीचं काम उंदरांवरचं. रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या स्मृतिभ्रंशाबद्दल कॉक्रेनने (वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणारी संस्था) २०१२ मध्ये आढावा घेतला, तर धरण्याजोगी चाचणी एकच सापडली, ६४ रुग्णांची. शिवाय रोज घराबाहेर पडणं, कुणीतरी आपुलकीने विचारपूस करणं आणि तीच प्रश्नावली पुन्हा सोडवणं, एवढ्यानेही गुण वाढतात. ते वजा करायचे तर दुसऱ्या गटालाही चेंबरमध्ये बसवून, खरा उपचार न देता फक्त कानाला दडे बसण्यापुरता दाब देऊन तुलना करावी लागते. तशा मोठ्या चाचण्या अल्झायमरमध्ये झालेल्या नाहीत.

प्रश्न : पण मेंदूला जास्त ऑक्सिजन मिळाला तर फायदा व्हायलाच हवा ना? (नाशिक)

उत्तर : निरोगी फुप्फुसं असतील तर रक्तातून ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन साध्या हवेतच ऑक्सिजनने जवळजवळ भरलेलं असतं. चेंबरमध्ये वाढतो तो रक्तद्रवात विरघळलेला ऑक्सिजन : एरवी १०० मिलिलिटरमागे ०.३ मिलिलिटर, तर तीन वातावरण दाबाला (नेहमीच्या हवेच्या तिप्पट) शुद्ध ऑक्सिजन घेतल्यास सुमारे ६. ही वाढ खरीच आहे. पण अल्झायमरचं मूळ अमायलॉइड आणि टाऊ या प्रथिनांच्या बिघाडात आहे, निव्वळ ऑक्सिजनच्या टंचाईत नाही. गेलेल्या चेतापेशी त्याने परत येत नाहीत.

प्रश्न : फुगवायचं मऊ चेंबर घरी आणलं तर? (ठाणे)

उत्तर : त्यात दाब साधारण १.३ वातावरण. साधी हवा भरली तर मिळणारा ऑक्सिजन, बाहेर २७ टक्के ऑक्सिजन असलेली हवा घेतल्याइतका. नाकातल्या नळीने मिनिटाला दोन लिटर दिला तरी जवळपास तेवढाच. त्यासाठी तंबू कशाला?

प्रश्न : घरच्यांनी ठरवूनच टाकलंय. निदान काय सांभाळावं? (रत्नागिरी)

उत्तर : आधी छातीचा एक्स-रे. फुप्फुसाभोवती हवा साठली असेल (न्यूमोथोरॅक्स) आणि ती काढलेली नसेल, तर चेंबर साफ वर्ज्य. फिट येत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. जास्त दाबाच्या ऑक्सिजनने क्वचित झटका येतो. इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी जाऊ नये. साखर उतरते, म्हणून आत जाण्याआधी आणि बाहेर आल्यावर मोजावी.

सर्वांत जास्त त्रास कानांचा, तोही दाब चढताना. आपण आवंढा गिळतो, नाक दाबून फुंकतो. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला हे सांगूनही जमत नाही आणि कान दुखतोय हे बोलताही येत नाही. म्हणून दाब हळूहळू चढवायला सांगा आणि चेहऱ्यावर लक्ष ठेवा. हात कानाकडे गेला, मान झटकली, कपाळाला आठ्या पडल्या, की तिथेच थांबवून दाब थोडा उतरवायचा, पाण्याचा घोट द्यायचा. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आधी पडदा पाहिलेला बरा.

शक्यतो नातेवाइकाला आत बसता येईल असं मोठं चेंबर निवडा. मात्र तिथे ऑक्सिजन मास्कमधून मिळतो; रुग्णाने तो ओढून काढला की मिळते ती नुसती दाबाखालची हवा. एकट्याच्या नळकांड्यात मास्कची कटकट नसते, पण दीड तास बंद जागेत गोंधळलेला माणूस घाबरतो. आत जाण्यापूर्वी लघवी उरकून घ्यावी.

आगीचा धोका हसण्यावारी नेऊ नका. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात चेंबरला आग लागून पाच वर्षांचा मुलगा दगावला. अंगावर फक्त सुती कपडे. पॉलिस्टरची साडी, स्वेटर नाही. डोक्याला खोबरेल नाही, बाम-व्हिक्स नाही. मोबाइल, घड्याळ, श्रवणयंत्र बाहेर. बऱ्याच सिटिंगनंतर लांबचं धूसर दिसू लागतं. ते बहुधा काही आठवड्यांत ओसरतं, तेव्हा लगेच नवा चष्मा करू नका.

प्रश्न : मग आधी करायचं काय? (सोलापूर)

उत्तर : बी-१२ आणि टीएसएच (थायरॉइडची) या रक्तचाचण्या, शिवाय डोक्याचा स्कॅन. वयस्कर माणूस आपटल्यावर काही आठवड्यांनीही मेंदूवर रक्त साचलेलं सापडतं, आणि ते काढता येतं. गोळ्यांची पिशवी डॉक्टरांसमोर रिकामी करा : झोपेच्या, सर्दीच्या आणि वारंवार लघवीवरच्या काही गोळ्या विस्मरण वाढवतात. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र घ्या. डोनेपेझिल (अल्झायमरवरची गोळी) सुरू असेल तर ५ मिलिग्रॅमवरून १० वर चार ते सहा आठवड्यांनी, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच जायचं. त्याने नाडी मंदावू शकते, म्हणून आधी ईसीजी झालेला बरा. रात्री घेऊन वाईट स्वप्नं पडत असतील तर सकाळी द्यायचं का, हे त्यांनाच विचारा.