हृदय-फुफ्फुस यंत्रावरचा रक्तदाब

प्रश्न : माझ्या वडिलांना अनेक वर्षांपासून उच्च रक्तदाब आहे. नुकतीच त्यांची झडप बदलण्याची शस्त्रक्रिया झाली. हृदय-फुफ्फुस यंत्र चालू असताना त्यांचा रक्तदाब काही वेळ ५५ होता, अशी नोंद कागदपत्रांत आहे. एरवी १४० असणारा दाब इतका उतरणे धोक्याचे नाही का?

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, मात्र हे दोन आकडे एका मापाचे नाहीत. १४० हा हृदय आकुंचन पावतानाचा वरचा दाब, तर यंत्रावर नोंदतात तो सरासरी दाब. शस्त्रक्रियेदरम्यान हृदयाचे आणि फुफ्फुसांचे काम करणाऱ्या या यंत्राचा पंप बहुधा ठोक्यांनी नव्हे, अखंड धारेने रक्त ढकलतो, त्यामुळे वरचा-खालचा हा भेद जवळजवळ उरतच नाही. सरासरी दाब साधारणपणे ५० ते ८० मिलिमीटर पारा इतका राखला जातो.

यंत्र सुरू होताच दाब उतरतो, हे अपेक्षितच असते. यंत्राच्या नळ्यांमधले सुमारे एक ते दीड लिटर द्रावण रक्तात मिसळून रक्त पातळ होते आणि त्याच्या प्रवाहाला होणारा विरोध घटतो. पुढे शरीर थंड केले, की रक्तवाहिन्या आकसून दाब चढू लागतो; शरीर पुन्हा उबदार करताना, तसेच महाधमनीवरचा क्लॅम्प (शस्त्रक्रियेदरम्यान ती बंद ठेवणारा चिमटा) काढल्यावर, तो परत उतरू शकतो.

या काळात दाबाइतकेच, माझ्या मते त्याहूनही अधिक, महत्त्व प्रवाहाला असते. शरीराचे तापमान नेहमीचे असताना शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे मिनिटाला सुमारे २.२ ते २.४ लिटर रक्त फिरत असेल, तर दाब ५५ असूनही अवयवांना पुरेसा प्राणवायू मिळू शकतो. परफ्यूजनिस्ट, म्हणजे हे यंत्र चालवणारे तज्ज्ञ, हा प्रवाह आणि परत येणाऱ्या रक्तातील प्राणवायू सतत पाहत असतात, तर भूलतज्ज्ञ गरजेनुसार नॉरअॅड्रेनॅलिनसारखी वाहिन्या आकसवणारी औषधे देतात.

तरीही आपल्या प्रश्नातला एक मुद्दा खरोखर महत्त्वाचा आहे. जुन्या उच्च रक्तदाबात मेंदूच्या रक्तवाहिन्यांना चढ्या दाबाची सवय झालेली असते, म्हणून अशा रुग्णांमध्ये दाब थोडा वरच राखण्याकडे अनेक डॉक्टरांचा कल असतो. दाब किती वेळ खाली होता आणि तेव्हा प्रवाह किती होता, हे भूलतज्ज्ञांना अवश्य विचारा. वडील नीट बोलत असतील, हातपाय हलवत असतील आणि त्यांच्या मूत्रपिंडाच्या तपासण्या ठीक असतील, तर केवळ या नोंदीमुळे घाबरू नका. बोलण्यात अडखळणे, एका बाजूची कमजोरी किंवा गोंधळलेपणा दिसला, तर डॉक्टरांना तत्काळ कळवा.