दिवाडीचं घर आणि शेजारच्या काकींची विहीर

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझ्या आईचं माहेर गोव्यातल्या दिवाडी बेटावर. आजोबांचं मातीच्या भिंतींचं, मंगलोरी कौलांचं घर गेल्या जुलैत मागच्या बाजूने बसलं. तिथे कायम कोणी राहत नाही. आम्ही सगळे मे महिन्यात आणि चतुर्थीला जातो, त्या वेळी दहाएक माणसं होतो. त्याच जागी दोन खोल्यांचं सुट्टीचं घर बांधायचं आहे. जागा १४ मीटर रुंद आणि रस्त्यापासून मागे ४२ मीटर लांब. उतार रस्त्याकडे, रस्त्यापलीकडे खाजण, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन. विहीर मागीलदारी, मागच्या कुंपणापासून ६ मीटरवर. ड्राफ्ट्समनने सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा स्वयंपाकघरामागे दाखवलाय, विहिरीपासून ९ मीटरवर. तो म्हणतो, आरोग्य खात्याचा दाखला म्हणजे नुसता कागद, आणि विहिरीचं पाणी नको वाटलं तर बोअर मारा. शेजारच्या काकींची विहीर कुंपणापलीकडे ३ मीटरवर, साधारण आमच्या जागेच्या मध्यावर आहे. त्या अजून तेच पाणी पितात. नकाशा पाहिल्यापासून त्या आमच्याशी धड बोलत नाहीत. पाणी आणि संडास या दोन्हींचं परवानगीसकट कसं जमवावं?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : काकी का बोलत नाहीत ते तुम्ही पाठवलेल्या नकाशातच दिसतं. त्यात त्यांची विहीरच नाही. ड्राफ्ट्समनने तुमच्या हद्दीपर्यंत रेघ ओढली आणि पलीकडे कोरा कागद सोडला. जमिनीखालच्या पाण्याला सर्व्हे नंबर ठाऊक नसतो.

आधी एक काम करा. १८ मीटर सुंभ घ्या, एक टोक तुमच्या विहिरीच्या कठड्याला बांधा आणि दुसरं टोक धरून फिरा. मग काकींची परवानगी घेऊन त्यांच्या कठड्यापासूनही तसंच फिरा. भारतीय मानक २४७० प्रमाणे शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर लांब हवा. तुमच्या मापांवरून मी कागदावर दोन वर्तुळं काढून पाहिली. मागीलदार सगळं गेलं, मधला भागही गेला. उरला तो रस्त्याकडचा पाच-सहा मीटरचा पट्टा. काकींचं कुंपण डावीकडे असेल तर त्या पट्ट्याचा उजवा कोपरा घ्या. तिथून त्यांची विहीर २० मीटरच्या पुढे जाते. रस्त्यापलीकडे कोणाची विहीर नाही ना, तेवढं पाहून घ्या. म्हणजे तुमचा शोषखड्डा घरासमोर येणार, जिथे नकाशात गाडी आणि तुळशीवृंदावन दाखवलंय. हे सांगितलं की प्रत्येक घरात एकदा तरी भांडण होतं. होऊ द्या. तुळस सरकते, विहीर सरकत नाही.

आजोबांच्या काळी चालत होतं ते आता का चालत नाही, असं आई विचारतील. तेव्हा संडासात लोटाभर पाणी जायचं आणि बहुतेक ते वरच्यावर सुकायचं. आता दहा माणसं, प्रत्येक फ्लशला बादलीभर पाणी, तेही एका खड्ड्यात आणि खाली जांभा. जांभ्याला भोकं असतात, त्यातून पाणी गाळून जात नाही, वाहत जातं. विहीर खोदणाऱ्यांना हे बरोबर माहीत असतं, सेप्टिक टाकी बांधणारे विसरतात.

आता समोरच्या पट्ट्याची अडचण. तो उताराच्या खालच्या टोकाला, खाजणाजवळ. इथे मी स्वतः तोंडावर आपटलेय. सव्वीस वर्षांपूर्वी स्वतंत्रपणे घेतलेलं माझं पहिलंच काम असंच मांडवीकाठच्या उतारावरचं होतं. फेब्रुवारीत खड्डा खणला, आत कोरडा ठणठणीत चिरा, वरून पाण्याची घागर ओतली तर पाहता पाहता गडप. मी खूश. जुलैत मालकीणबाईंचा फोन, “न्हाणीच्या जाळीतून बुडबुडे येतात.” फेरीबोटीने पलीकडे गेले, झाकण काढलं, तर शोषखड्डा बाहेरच्याच पाण्याने काठोकाठ भरलेला, चहासारखा तांबडा. आतलं पाणी जाणार कुठे? ते काम मी पदरच्या पैशांनी पुन्हा केलं.

म्हणून तुम्ही चाचणी ऑगस्टमध्ये करा. समोरच्या कोपऱ्यात दोन मीटर खोल खड्डा घ्या आणि दुसऱ्या दिवशी पाणी किती खाली उभं आहे ते मोजा. जमिनीपासून १.८ मीटरच्या आत पाणी दिसलं तर शोषखड्ड्याचा नाद सोडा. मग भर घालून जमिनीच्या वर उचललेला चर करायचा, खडी आणि भोकांच्या नळ्यांचा. पाणी त्याहून खाली असलं तर शेजारीच हातभर खड्डा घ्या, रात्रभर पाण्याने भिजवा आणि सकाळी पाणी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून बघा. तीस मिनिटांच्या आत असेल तर शोषखड्डा चालतो, तीस ते साठमध्ये चर करावा, साठच्या पुढे गेलं तर जमीन पाणी घेत नाही असं समजून वेगळा गाळप-थर लागतो.

टाकीचं माप सोपं आहे. दहा माणसांना आत २ मीटर लांब, ९० सेंटिमीटर रुंद आणि १ मीटर पाण्याची खोली, मध्ये आडभिंत. बाजारात मिळणारी प्लास्टिकची तयार टाकी घ्यायची तर पावसाळ्यात ती रिकामी ठेवू नका, खालचं पाणी चढलं की ती होडीसारखी वर येते. बायोडायजेस्टर, म्हणजे जंतूंकडून मैला कुजवणारी तयार टाकी, घेतला तरी त्यातून बाहेर पडणारं पाणी कुठेतरी मुरवावंच लागतं, हे विकणारा सांगत नाही. हवेच्या नळीच्या टोकाला डासांची जाळी लावा. घर महिनोन्‌महिने बंद राहिलं की न्हाणीच्या जाळ्यांतलं पाणी सुकतं आणि दार उघडताच वास मारतो. निघताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर खोबरेल ओता, मी माझ्या बहिणीच्या घरी हेच करते. गाळ उपसणारी गाडी फेरीतून येईल, पण तिचा पाइप टाकीपर्यंत पोचला पाहिजे. टाकी समोर असली की हा प्रश्न आपोआप सुटतो. अंघोळीचं पाणी टाकीत सोडू नका, माडांना जाऊ द्या.

बोअरविषयी मी स्पष्टच नको म्हणेन. बेटाखालचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रपातळीच्या वर गोडं पाणी १ मीटर असेल तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत त्याची जाडी असते. वरचं १ मीटर उपसलंत की खालचं खारं पाणी ४० मीटर वर सरकू शकतं. शिवाय गोव्यात २००२च्या भूजल कायद्यानुसार नव्या बोअरला जलसंपदा खात्याची परवानगी लागते. नळजोडणीचा अर्ज करा आणि विहीर जपा. तिचं पाणी चाखायचं ते मे महिन्यात, अमावास्येच्या उधाणाच्या भरतीला. ऑगस्टमध्ये सगळ्याच विहिरी गोड असतात. छपराचं पाणी गाळून विहिरीत सोडलंत तर उन्हाळ्यात उपयोग होईल, गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो.

परवानग्यांचं म्हणाल तर बांधकामाचा परवाना ग्रामपंचायत देते, त्याआधी नगर नियोजन खात्याची तांत्रिक मान्यता आणि तुमच्या भागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा ना हरकत दाखला लागतो. राहायला जाण्याआधी आरोग्य केंद्राचा दाखला पुन्हा लागतो. तेव्हा टाकी झाकलेली असते, म्हणून स्लॅब टाकण्याआधी आत टेप धरून फोटो काढून ठेवा. दोन्ही विहिरी, त्यांची अंतरं, ऑगस्टमधली पाण्याची पातळी नकाशावरच लिहा. असा नकाशा घेऊन गेलात तर तपासायला येणाऱ्या माणसाला विचारण्यासारखं फार उरत नाही. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या सातबारावर, आईबरोबर मामा-मावश्यांची नावं असतील, त्यांच्या सह्या आधी घ्या.

आणि एक कळकळीची सूचना. पडक्या घराचं जोतं अजून उचकटू नका, माती-चिरे साफ करायला माणसं लावू नका. दिवाडी मांडवीच्या पात्रात आहे, भरतीचं पाणी खाजणाच्या बांधाला लागतं, त्यामुळे सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांचा, प्रश्न येणारच. २०११च्या अधिसूचनेप्रमाणे बांधकामबंदीच्या पट्ट्यातही पूर्वीचं अधिकृत घर पुन्हा बांधता येतं, पण जोत्याचं क्षेत्र आणि चटई क्षेत्र पूर्वीपेक्षा वाढता कामा नये. पूर्वीचं किती होतं हे सांगणारा साक्षीदार म्हणजे ते जोतं. सर्व्हेअरकडून मोजून घ्या, तारखेसकट फोटो काढा, जुन्या घरपट्टीच्या पावत्या आणि घराची आकृती दाखवणारा सर्व्हेचा नकाशा जोडा. परवानगी हातात आली की मग कुदळ. माझ्या ओळखीतल्या एकाने आधी जागा ‘स्वच्छ’ केली आणि नंतर दोन वर्षं तिथे घर होतं हेच सिद्ध करत बसला.

विहीर वापरात आणण्याआधी उपसून घ्या आणि चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर टाका, दर हजार लिटरला अडीच ग्रॅम. अडीच मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ते होतात साधारण १५ हजार लिटर, म्हणजे ३७-३८ ग्रॅम पावडर. ती बादलीत कालवून वरची निवळीच विहिरीत सोडा आणि किमान एक तास थांबा. पण हे करण्याआधी पाणी तपासा. एच-टू-एस चाचणीच्या छोट्या बाटल्या मिळतात, पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायचं, काळं पडलं की त्यात मैला आलाय असं समजायचं. बाटल्या दोन घ्या, एक काकींच्या विहिरीसाठी. पाणी मात्र त्यांनाच काढायला सांगा, त्यांच्या विहिरीत आपली कळशी सोडू नका.