बॅटरी फोनमध्येच का चिकटवतात?

प्रश्न : माझा फोन चार वर्षांचा आहे. पंधरा दिवसांपूर्वी त्याचे मागचे झाकण एका कडेने उचलले गेले आणि आता लोकलच्या गर्दीत तो खिशात ठेवायलाही भीती वाटते. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानदाराने ‘बॅटरी फुगली आहे, ती इनबिल्ट असल्यामुळे नवाच फोन घ्या’ असे सांगितले. पूर्वी आम्ही नखाने झाकण उघडून बॅटरी बदलत असू. ही सोय का गेली?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : आधी तातडीचे. हा फोन आजपासून चार्जिंगला लावू नये, झाकण दाबून पुन्हा बसवण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. लिथियम-आयन बॅटरीतील द्रावणाचे विघटन होऊन आत वायू साठतो, म्हणून ती फुगते. अशा बॅटरीला टोक लागले किंवा ती वाकली, तर आतले थर एकमेकांना टेकून आग लागू शकते.

दुकानदाराचे निम्मेच म्हणणे खरे आहे. इनबिल्ट बॅटरीही बदलता येते. मात्र झाकणाचा गोंद उष्णतेने मऊ करून, पातळ पट्टीने झाकण सोडवून, मग आत चिकटवलेली बॅटरी न वाकवता काढावी लागते आणि फुगलेल्या बॅटरीच्या बाबतीत हे घरी करण्याजोगे काम नव्हे. कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात खर्चाचा अंदाज घ्यावा. फोन अन्यथा ठीक असेल, तर नवा घेण्याची घाई आम्हांला पटत नाही.

सोय गेली, त्यामागे जागेचे गणित आहे. हातात घेऊन काढायच्या बॅटरीला टणक प्लास्टिकचे कवच, फोनला वेगळे झाकण आणि धातूचे स्पर्शबिंदू लागतात. चिकटवलेली बॅटरी नुसत्या पातळ पाकिटात मावते, त्यामुळे तेवढ्याच जागेत अधिक क्षमता बसवता येते. पाणी आत जाऊ नये म्हणून हे करावे लागते, असेही सांगितले जाते. मुंबईच्या पावसात ते पटकन पटते, पण २०१४ च्या सॅमसंग गॅलेक्सी एस५ ची बॅटरी हाताने निघत असे आणि तरीही तो फोन एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल अशा दर्जाचा होता. पुढच्याच वर्षीच्या एस६ मध्ये बॅटरी बंदिस्त झाली आणि पाण्यापासूनचे ते संरक्षणही गेले! युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमानुसार, काही अपवाद वगळता, १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांतील बॅटरी ग्राहकाला स्वतः बदलता यायला हवी.

काढलेली बॅटरी सोसायटीच्या सुक्या कचऱ्यात टाकू नये, कारण कचऱ्याच्या गाडीत ती दाबली जाते. बॅटरी बदलणाऱ्या सेवा केंद्रातच ती जमा करावी.