शेडिंग केलं की चित्र मळकट का दिसतं

तुम्ही म्हणताय की आउटलाइन नीट येते, चेहरा ओळखूही येतो, पण शेडिंग सुरू केलं की सगळं मळकट आणि चपटं होऊन जातं, आणि त्यासाठी १२ पेन्सिलींचा सेट घ्यावा का. सेटचं आधी सांगून टाकते, नको. एचबी, २बी, ६बी आणि मऊ नीडेड खोडरबर (कणकेसारखं मळता येणारं), बास झालं.

मळकट दिसण्याचं कारण बहुतेक वेळा असं असतं की माणूस गडद करायला घाबरतो, आणि कागद पांढरा सोडायलाही घाबरतो, मग सगळीकडे मधलाच एक राखाडी टोन फिरत राहतो. त्यात प्रत्येक तुकडा सुटासुटा बघितला जातो, म्हणजे नाक काढताना फक्त नाकाच्या सावल्या, डोळा काढताना फक्त डोळ्याच्या, पण नाकाखालची सावली हनुवटीखालच्या सावलीपेक्षा गडद आहे का फिकी हे कोणी विचारतच नाही. व्हॅल्यू म्हणजे नेमकं तेच, कशाच्या तुलनेत किती गडद.

आणि ही तुलना डोळ्यांनी सरळ होत नाही हो, मेंदू मध्ये लुडबुड करतो. दृष्टीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ एडवर्ड अ‍ॅडेल्सन यांचं १९९५ चं चेकरबोर्डचं चित्र बघा, सावलीतला ‘पांढरा’ चौकोन आणि उजेडातला ‘काळा’ चौकोन तंतोतंत एकाच राखाडी रंगाचे आहेत, माहीत असूनही पटत नाही. डोळ्याचा पांढरा भाग सगळे कोरा सोडतात ते याच्यामुळेच, पांढरा आहे हे माहीत असतं ना! प्रत्यक्षात वरच्या पापणीची सावली त्याच्यावर पडलेली असते आणि गोलाईमुळे कडेलाही तो गडद होत जातो, कपाळावरच्या उजेडापेक्षा तर बऱ्याचदा गडद. दातांचंही तेच. खात्री करायची तर कागदाला दोन बारीक भोकं पाडून त्यातून दोन जागा शेजारी शेजारी बघा, धक्का बसेल.

आता चित्र सुरू करताना डोळे किलकिले करा, इतके की बारकावे पुसले जातील आणि फक्त दोन ढीग उरतील, उजेडातलं आणि सावलीतलं. त्यांच्यामधली हद्द हलक्या रेषेने आखा आणि सावलीचा सगळा भाग एकच सपाट टोन देऊन भरून टाका, आत काही तपशील नको. एवढ्यावरच चेहरा उठून दिसायला हवा, दिसत नसेल तर हद्द चुकलीय, पुढे शेडिंग करून ती सुधारणार नाही. मग आत जायचं, पण एक शिस्त पाळा: दिवा एकच असेल आणि वस्तू एकाच रंगाची असेल तर सावलीतली सगळ्यात उजळ जागासुद्धा उजेडातल्या सगळ्यात गडद जागेपेक्षा गडदच राहिली पाहिजे. इथे घात करतो तो रिफ्लेक्टेड लाइट, म्हणजे टेबलावरून किंवा कॉलरवरून उसळून जबड्याखाली येणारा उजेड. नवीन माणसाला तो दिसला की एवढा आनंद होतो की पांढराच करून टाकतो, आणि गोलाई खलास. शेजारच्या कोअर शॅडोमुळे, म्हणजे सावलीतल्या सगळ्यात गडद पट्ट्यामुळे, तो जास्त उजळ वाटत असतो, तेवढा नसतो.

उजेडाच्या बाजूला आउटलाइन तशीच काळी ठेवली असेल तर ती पण फिकी करा किंवा मागची पार्श्वभूमी थोडी गडद करून रेष पुसूनच टाका. सावलीची कडही सगळीकडे एकसारखी धारदार नको, पडलेली सावली वस्तूपाशी धारदार असते आणि लांब जाईल तशी मऊ होत जाते.

सरावाला चेहरा सध्या बाजूला ठेवा. एक पांढरं अंडं, बाजूने एक दिवा, बाकी दिवे बंद. त्याआधी कागदावर टोनची घरं आखून एक पट्टी करा: एका टोकाला कोरा कागद, दुसऱ्या टोकाला ६बीने जाईल तेवढं काळं, मग बरोब्बर मधला टोन, मग त्यांच्या मधले दोन. पाच घरं नीट जमली की नऊ करा. काळं करताना पेन्सिल दाबू नका, थरावर थर द्या, ग्रॅफाइट दाबलं की चकाकायला लागतं आणि ठरावीक कोनातून उलट फिकं दिसतं. खरा मिट्ट काळा हवा असेल तर चारकोल वापरा, पण ते नंतर, आत्ता ग्रॅफाइटचा काळा जिथे संपतो तिथेच तुमचा सगळ्यात गडद टोन धरून बाकीचे त्याच्या हिशोबाने वर सरकवा.

फोनवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढून वस्तू आणि चित्र ताडून बघायला हरकत नाही, पण निव्वळ फोटोवरून काढू नका, सावलीच्या आतलं बरंच काही कॅमेरा सरळ काळं करून टाकतो. आणि बोटाने घासणं आजपासून बंद, हाताचं तेल कागदाला लागतं आणि तिथे मग ना नीट खोडता येतं ना थर बसतो. स्टंप (घासायची कागदाची गुंडाळी) चालेल, पण व्हॅल्यू जागेवर बसल्यावर.