मोठी डिस्क घेण्याआधी

या वेळच्या पत्रांत ब्रेकचेच प्रश्न इतके आले की बाकीचे पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत. रेसच्या एटीव्ही, म्हणजे कच्च्या रस्त्यावर पळवायच्या हँडलवाल्या चारचाकी गाड्या, तयार करणं हे माझं रोजचं काम. इंजिनासाठी हात सैल सोडणारी माणसं ब्रेक ऑइल मात्र गाडी घेतली तेव्हाचंच ठेवतात, हे पाहून जीव तुटतो. म्हणून उत्तरं जरा सविस्तर देते.

प्रश्न : ताई, मी ४५० सीसीची स्पोर्ट एटीव्ही मोटोक्रॉसला पळवतो. सुरुवातीला ब्रेक छान लागतात. निम्मी रेस झाली की पुढचा लिव्हर मऊ होत जातो आणि शेवटच्या फेऱ्यांत मुठीला टेकतो. गाडी गार झाली की पुन्हा ठीक. मोठी डिस्क आणि चार पिस्टनचा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) घ्यायचा विचार आहे. आधी काय घेऊ?

आधी ऑइलचा एक डबा घ्या. गार झाल्यावर लिव्हर पूर्ववत होतो, म्हणजे तुमचं ब्रेक ऑइल उकळतंय. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून लिव्हर आत जातो. पॅड तापून निकामी झाले असते तर लिव्हर कडकच राहिला असता, गाडी तेवढी थांबली नसती. हा फरक नीट ओळखा, कारण दोन्हींचे इलाज वेगळे आहेत.

डॉट हा ब्रेक ऑइलचा दर्जा. डॉट ४ ऑइल ताजं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पण हे ऑइल ओलावा ओढून घेतं. ३.७ टक्के पाणी मुरलं की तीच हमी १५५ अंशांवर येते. डॉट ५.१ साठी हे आकडे २६० आणि १८० आहेत. म्हणजे जुनं ५.१ हे ताज्या डॉट ४ पेक्षाही आधी उकळू शकतं. महाग ऑइल वर्षभर ठेवण्यापेक्षा साधं डॉट ४ वरचेवर बदललेलं मला केव्हाही चालेल. डॉट ५ मात्र वेगळंच, सिलिकॉनचं. आकडा जवळचा वाटला तरी ते यात मिसळायचं नाही.

आता ऑइल इतकं का तापतंय, ते शोधा. पुढची चाकं उचला, लिव्हर दाबून सोडा आणि चाक हाताने फिरवा. पॅड थोडा घासल्याचा आवाज आला तर चालेल, पण चाक अर्ध्या फेरीत थांबत असेल तर ब्रेक सतत लागलेला आहे. या गाड्यांचे कॅलिपर पिनांवर सरकणारे असतात. पिनेवरचं रबर बाजूला केलंत तर बहुतेक वेळा आत वाळलेला चिखल सापडेल. पिन साफ करा, ब्रेकसाठीचं ग्रीस लावा, फाटलेलं रबर बदला. मग पिस्टन पाहा. पिस्टन मागे घेणारी स्प्रिंग नसते. चौकोनी छेदाचं सील दाबताना किंचित मुरडतं आणि सोडल्यावर सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढतं, एवढ्यावरच सगळं चालतं. पिस्टनच्या कडेवर गाळ चिकटला की ही केसभर माघार बंद होते, पॅड डिस्कला टेकून राहतात आणि तुम्ही लिव्हर सोडला तरी उष्णता वाढतच जाते.

हे झाल्यावर रबरी पाइप काढून स्टीलच्या जाळीचे पाइप टाका. रबरी पाइप दाबाखाली फुगतो, आणि तुमच्या बोटांची थोडी हालचाल त्या फुगण्यातच खर्च होते. जाळीच्या पाइपने ब्रेकची ताकद वाढत नाही. पण बोटाने जे सांगाल ते पॅडपर्यंत पोचतं, आणि रेसमध्ये मी यालाच जास्त मानते.

मोठी डिस्क त्यानंतर. तिने दोन गोष्टी मिळतात: पॅड चाकाच्या केंद्रापासून लांब दाबतो म्हणून तेवढ्याच दाबाला जास्त ब्रेक लागतो, आणि जास्त धातू असल्याने तापायला वेळ लागतो. पण स्पोर्ट एटीव्हीची पुढची रिम साधारण १० इंची, म्हणजे २५४ मिलिमीटर. त्यातून रिमची जाडी वजा करा, डिस्कच्या बाहेर बसणारा कॅलिपर वजा करा, मग उरते किती जागा? विकत घेण्याआधी पुठ्ठ्याचा नमुना कापून रिमच्या आत फिरवून बघा. कॅलिपर आणि रिममध्ये चिखल-खडे अडकणार नाहीत एवढी फट हवीच. तिथे अडकलेला एक दगड रिम कोरत जातो.

प्रश्न : मित्राच्या सांगण्यावरून मोठ्या बोअरचा (आतल्या व्यासाचा) मास्टर सिलिंडर, म्हणजे लिव्हरजवळचा ऑइल ढकलणारा सिलिंडर, बसवला. १२.७ मिलिमीटरचा होता, आता १४ चा आहे. लिव्हर दगडासारखा कडक झाला, पण गाडी आधीपेक्षा उशिरा थांबते. असं कसं?

गणित अगदी सरळ आहे. दाब म्हणजे बोटांचं बळ भागिले मास्टरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. १२.७ चा वर्ग १६१, १४ चा १९६. म्हणजे तेवढ्याच बळाला आता दाब सुमारे १८ टक्क्यांनी कमी मिळतो. लिव्हर कमी चालतो, म्हणून तो ‘भक्कम’ वाटतो. उभ्या गाडीवर दाबून पाहणाऱ्याची इथेच फसगत होते.

उलट ११ चा बसवलात तर १२.७ च्या तुलनेत दाब एकतृतीयांशाने वाढेल आणि लिव्हरचा प्रवासही तेवढाच वाढेल. पाइप जाळीचे आणि सिस्टिममध्ये हवा अजिबात नाही, अशी खात्री असेल तरच तिकडे जा. जुना १२.७ चाच परत लावा असं मी म्हणेन. मोठा मास्टर शोभतो तो चार पिस्टनच्या मोठ्या कॅलिपरला, कारण त्याला ऑइलच जास्त ढकलावं लागतं. मास्टर आणि कॅलिपर ही जोडी आहे, एक बदलला की दुसऱ्याचा हिशेब करायचाच.

प्रश्न : लांब ए-आर्म (चाकाला फ्रेमशी जोडणारे दांडे) बसवून गाडी रुंद केली. जुने ब्रेक पाइप पुरतात, थोडे ताणले जातात एवढंच. चालेल ना?

चालणार नाही. जम्पवर चाकं पूर्ण खाली लोंबतात आणि हँडल वळलेलं असतं, तेव्हा तो पाइप ओढला जातो. गाडी उचलून चाकं लोंबू द्या आणि हँडल दोन्ही टोकांना फिरवा. त्या स्थितीतही पाइपला थोडी सैल वळी हवी. मग शॉक काढून ए-आर्म पूर्ण वर घ्या आणि पाइप टायरला किंवा आर्मला घासत नाही ना ते बघा. लांब पाइप लावताना बँजो बोल्टचे (पाइपचं टोक घट्ट धरणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर नवे वापरा. जुने एकदा दबलेले असतात, त्यांच्यातून ऑइल झिरपतं.

आणि डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल करू नका. हवा काढायचं निप्पल वरच्या बाजूला हवं. ते खाली गेलं तर कितीही ऑइल सोडलंत तरी वरचा बुडबुडा हलत नाही. ‘नवीन पाइप टाकूनही लिव्हर मऊ’ अशी आणखी दोन पत्रं आली आहेत. त्यांनीही आधी हेच बघावं.

प्रश्न : मागचं पेडल पहिल्या दाबाला खोल जातं, दुसऱ्याला ठीक लागतं. हवा पुन्हा पुन्हा काढली, मास्टरचं किटही बदललं. आता काय बदलू?

आता ब्रेकला हात लावू नका, अॅक्सलकडे बघा. या गाड्यांना मागे एकच सलग अॅक्सल आणि त्यावर एकच डिस्क असते. अॅक्सलच्या बेअरिंगमध्ये प्ले आला की खडबडीत रस्त्यावर डिस्क डुगडुगते आणि पॅडना, त्यांच्यासोबत पिस्टनना, मागे ढकलते. मग पहिला दाब ती फट भरण्यातच जातो. हवा असती तर दुसऱ्या दाबालाही पेडल थोडं मऊच लागलं असतं.

मागची चाकं उचला. टायर वरून धरून आत-बाहेर हलवा आणि दुसऱ्या कोणाला टॉर्च घेऊन पॅड आणि डिस्कमधल्या फटीवर नजर ठेवायला सांगा. फट उघडझाप करताना दिसेल. मग डिस्कचा हब अॅक्सलच्या खाचांवर हलतोय का ते बोटाने तपासा, आणि अॅक्सलचा मोठा नट सैल झालाय का तेही. नट सैल होऊन खाचा झिजल्या असतील तर नुसता आवळून भागत नाही, हब बदलावा लागतो, कधीकधी अॅक्सलही. खर्चाचं काम आहे, पण टाळू नका. तोच अॅक्सल तुम्हाला उडीवरून खाली उतरवतो.

प्रश्न : ताई, मी या वर्षीच ज्युनिअर गटात उतरलोय. पुढे-मागे दोन्हीकडे सगळ्यात कडक चावणारे सिंटर्ड (धातूची भुकटी दाबून-भाजून केलेले) पॅड टाकू का?

पुढे टाक. चिखलपाण्यात आणि तापल्यावरही सिंटर्ड पॅड टिकतात, ऑरगॅनिक चिखलात भराभर झिजतात. ब्रेक मारला की वजन पुढे येतं, त्यामुळे खरं थांबवण्याचं काम पुढचेच ब्रेक करतात.

मागे मात्र हळूहळू चावणारा पॅड ठेव. वजन पुढे गेल्यामुळे मागचे टायर हलके झालेले असतात, आणि सलग अॅक्सलमुळे लॉक झाले तर दोन्ही एकदम होतात. शिवाय मागचा ब्रेक तुला हवेतही लागणार आहे. उडीत गाडीचं तोंड फार वर गेलं तर मागचा ब्रेक टेकवला की फिरत्या चाकांचा जोर गाडीत उतरतो आणि तोंड खाली येतं. तेव्हा क्लच दाबलेला हवा, नाहीतर चाकांबरोबर इंजिनही बंद पडेल. सरावात आधी छोट्या उडीवर, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली शिक. पायाला मोजून मापून ब्रेक लावता येणं इथे फार महत्त्वाचं आहे.

पॅड बसवण्याआधी डिस्कवर कोरलेली किमान जाडी वाच आणि मोजून बघ. चेनचं ऑइल मागच्या डिस्कवर उडालेलं असतं, ते ब्रेक क्लीनरने पूस. बसवल्यावर मध्यम वेगातून बऱ्याच वेळा हळू हो, पूर्ण थांबू नकोस, मधे डिस्क गार होऊ दे. आणि नव्या पॅडसाठी पिस्टन मागे ढकललेले असतात, त्यामुळे पहिला दाब रिकामा जातो. लिव्हर आणि पेडल कडक लागेपर्यंत पंप कर, त्यानंतरच गाडी स्टँडवरून खाली घे.