‘पाय’चा (pie) तळ ओला, वरची पारी वातड

प्रश्न : जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेला आठ-दहा पाहुणे येणार म्हणून भाज्यांचा पाय (दोन पाऱ्यांमध्ये सारण भरून ओव्हनमध्ये भाजतात तो) आदल्या रात्रीच भाजून फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी तळाच्या पारीचा लगदा झालेला आणि वरची वातड. पीठ करंजीसारखं कडकडीत मोहन घालून चांगलं मळलं होतं. कुठे चुकलं? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी मोहनातच. करंजीला ते गरम लागतं, पायला गार. बटरचे वाटाण्याएवढे तुकडे पिठात तसेच राहायला हवेत. ओव्हनमध्ये ते वितळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पापुद्रे सुटतात. २२ सेंमीच्या टिनला ३०० ग्रॅम मैदा, फ्रिजमधलं १५० ग्रॅम बटर, ५-६ मोठे चमचे बर्फाचं पाणी. बटर खारं असेल तर मीठ नको. गोळा जमला की हात काढा. मळत राहिलात की मैदा चिवट होतो. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. आपल्याकडे जानेवारीतही दुपारी बटर हातात विरघळतं, तेव्हा हे काम सकाळीच उरका.

लगदा होतो तो सारणाच्या पाण्याने. गाजर, मटार, फ्लॉवर, मका मिळून ५०० ग्रॅम. वाफवून कापडावर कोरडे करा. दुधी, टोमॅटो नकोच. दोन मोठे चमचे बटर, तेवढाच मैदा, कपभर दूध असा सॉस इतका आटवा, की उलथनं फिरवल्यावर कढईचा तळ क्षणभर दिसावा. सारण पूर्ण गार करा. कोमट असलं तरी पारीतलं बटर विरघळतं.

तळाची पारी आधी एकटीच भाजा : वर बेकिंग पेपर, त्यावर वजनासाठी मूठ-दोन मूठ कोरडा राजमा, १९० अंशांवर १५ मिनिटं, मग राजमा काढून आणखी ७. गार झाल्यावर दोन चमचे कोरडी शेंगाचटणी पसरा. उरलीसुरली ओल ती पिते (सारणात तिखट मग बेतानेच). कडेला दूध लावून वरची पारी बसवा, करंजीसारखी मुरड घाला, वाफेसाठी चार चिरा द्या.

आणि आदल्या दिवशी भाजू नका. वरची पारी कच्ची असतानाच दुहेरी गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा, महिनाभर राहतो. पाहुणे यायच्या सव्वा तास आधी थेट तापलेल्या ओव्हनमध्ये : २०० अंशांवर २० मिनिटं, १८० वर ३५-४०. टिन धातूचंच हवं, काच तडकते. बटाट्याच्या फोडी फ्रीझरमध्ये रवाळ होतात, घालायचाच तर कुस्करून घाला. उरलेला पाय ओव्हनमध्येच गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये पारी पुन्हा लिबलिबीत होते.