बालीनंतर कुठे? सोलापुरातून सुचवलेली काही आडवाटेची ठिकाणं

तुमचा प्रश्न असा: दुबई, थायलंड, बाली झालं, आता शेजारपाजारचं कोणी गेलेलं नसेल असं जगातलं ठिकाण सुचवा. दोघंच आहोत, शाकाहारी आहोत, दिवाळीनंतर आठ-दहा दिवस मिळतील.

शेजारचं कोणी गेलेलं नसेल अशा ठिकाणांना तोटा नाही. पंचाईत पुढे होते. बालीत तुम्ही नुसते जाऊन उभे राहिलात तरी दिवस घालवायची सगळी सोय आधीच करून ठेवलेली असते. आडगावात तुमच्यासाठी कोणी काही मांडून ठेवलेलं नसतं. पहिल्या दिवशी फोटो होतात, दुसऱ्या दिवशी गाव फिरून होतं आणि तिसऱ्या दिवशी नवरा-बायको हॉटेलच्या खोलीत मोबाइल बघत बसतात. म्हणून 'जगातील दहा अनोखी ठिकाणं' छापाच्या याद्या मी बाजूला ठेवते आणि एवढंच बघते, की माझं तिथे काही काम आहे का. काम म्हणजे धंदा नव्हे. ज्यातलं आपल्याला थोडंफार कळतं, जे आपण लहानपणापासून बघत आलोय, असं काहीतरी तिथे असावं.

मी सोलापूरची. चादरी-टॉवेलच्या कारखान्यांसाठी जॅकार्डची, म्हणजे मागावरच विणल्या जाणाऱ्या नक्षीची, डिझाइनं काढते. त्यामुळे माझं पहिलं नाव मर्गिलान.

हे गाव उझबेकिस्तानात, फरगाना खोऱ्यात आहे. शाळेच्या इतिहासात बाबर फरगाण्याचा म्हणून वाचलेला असतो, तेच हे फरगाना. त्याचा जन्म जवळच्याच अंदिजानचा, १४८३ सालचा. उझबेकिस्तानला जाणारी आपली मंडळी समरकंद-बुखारा करतात आणि परततात. समरकंदसारखे निळे घुमट मर्गिलानात नाहीत. तिथे रेशीम आहे, आणि ते कोषापासून कापडापर्यंत एकाच आवारात बघायला मिळतं.

पोचमपल्लीच्या साडीत असतं तसं इथेही कापड विणल्यावर रंगवत नाहीत, आधी धागा रंगवतात. कोष गरम पाण्यात टाकून धागा ओढायचा, उभा ताणा लांबच लांब पसरायचा, त्यावर नक्षीच्या खुणा करायच्या. जिथे रंग नको तिथे ताणा घट्ट बांधायचा, मग रंगात बुडवायचा. पिवळ्यासारखा फिका रंग आधी, गडद नंतर, आणि प्रत्येक रंगाला नवी बांधाबांध. एवढं झाल्यावर तो ताणा मागावर चढतो. ताणा रेशमाचा आणि आडवा बाणा सुताचा असेल तर ते अद्रस, दोन्ही रेशमाचे असतील तर अतलस. धागे केसभर इकडेतिकडे सरकतातच, म्हणून नक्षीच्या कडा फुटल्यासारख्या दिसतात. जॅकार्डमध्ये आम्ही एकेका चौकटीचा हिशेब ठेवतो, कड जरा फुटली तर माल परत येतो. इथे फुटलेल्या कडेचेच पैसे!

मी आणि माझी बहीण एका मागाजवळ उभ्या होतो. विणणारीचा एक धागा तुटला. तिने माग थांबवला, दोन्ही टोकं चिमटीत धरली आणि अंगठ्याच्या एका फिरकीत गाठ मारली. साखर पेठेतल्या मागांवर बघत आलेय तीच गाठ, तसाच अंगठा. मी खुणेनेच तिला ते सांगायचा प्रयत्न केला. तिने एक तुटका धागा माझ्यापुढे धरला. मी गाठ मारली, तिने ओढून बघितली, मान डोलावली आणि मागावर बसायला जागा करून दिली. त्यापुढचा तास कसा गेला ते कळलं नाही. बहीण शिक्षिका आहे, ती मात्र लवकर कंटाळून बाहेर चहा प्यायला गेली. म्हणजे माझं म्हणणं लक्षात आलं ना?

ही कला जपण्यासाठी तिथे जे काम चालतं, त्याची नोंद युनेस्कोने २०१७ मध्ये घेतली. गुरुवारी आणि रविवारी गावाजवळ कुमतेपाचा बाजार भरतो. तिथे कापडाचे ठाण रचलेले असतात आणि भाव करायला आपल्या मंगळवार बाजाराएवढाच दम लागतो. तासाभराच्या अंतरावर रिश्तान नावाचं कुंभारांचं गाव आहे, निळ्या-हिरव्या झिलईच्या भांड्यांचं. आणि डाळिंबं! मर्गिलानच्या डाळिंबांची तारीफ खुद्द बाबराने आत्मचरित्रात करून ठेवली आहे. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र ज्या शहरात आहे तिथली मी. ती खाताना मी जरा नाक वर करूनच बसले होते. पण दाणा मोठा आणि आंबटगोड असतो, मान्य करावं लागलं.

शाकाहाराचं स्पष्ट सांगते. तंदुरातली गोल नोन रोटी, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर, दही, सुकामेवा, फळं यावर निभतं. भोपळ्याचा सोम्सा मिळतो, पण त्यात चरबी घातलेली नाही ना हे विचारून घ्या. पलोवमधून मटण बाजूला काढून देतो म्हणतील, त्याला भुलू नका. भात त्यातच शिजलेला असतो. आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली होती. चुरा होतो, पण बिघडत नाही.

दुसरं नाव जपानातलं, शिकोकू बेटाचं. कोबो दाइशी या बौद्ध आचार्यांच्या (७७४ ते ८३५) नावाने तिथे अठ्ठ्याऐंशी मंदिरांची पायी परिक्रमा करतात, साधारण १,२०० किलोमीटरची. पूर्ण चालायला सहा आठवडे लागतात. आपल्याला तेवढं जमणारं नाही, पण तोकुशिमाजवळच्या र्‍योझेनजी या पहिल्या मंदिरापासून दहाव्या किरिहाताजीपर्यंतचा टप्पा सवडीने दोन दिवसांत होतो. माझं आजोळ वेळापूरचं. माउलींची पालखी आली की आजी पहाटेपासून पिठलं-भाकरीला लागायची आणि वारकऱ्याने नको म्हटलेलं तिला चालायचं नाही. शिकोकूत यात्रेकरूंना वाटेत लोक असंच काहीबाही देतात: संत्रं, चहाची बाटली, कधी दोन-चार नाणी. तेही नाकारायचं नसतं. उलट आपल्या नावाची चिठ्ठी त्यांना द्यायची. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर बांबूची टोपी, हातात काठी. ती काठी म्हणजे प्रत्यक्ष कोबो दाइशीच समजतात, म्हणून पुलावरून जाताना ती टेकवत नाहीत. ते एकदा पुलाखाली रात्र काढून झोपले होते म्हणे, त्यांची झोपमोड नको. एका ओढ्यावरच्या जेमतेम चार पावलांच्या साकवावरसुद्धा पुढच्या म्हातारबुवांनी काठी अलगद उचलून धरली, आणि मागोमाग आम्हीही. प्रत्येक मंदिरात वहीवर शाईने सुंदर अक्षरं काढून शिक्का मारून देतात. संध्याकाळी पाचनंतर शिक्का मिळत नाही, तेव्हा चालण्याचा हिशेब तसा ठेवा. वारीत गर्दी आपल्याला ओढून नेते. इथे तासन्‌तास रस्त्यावर कोणी नसतं, ते सगळ्यांना मानवत नाही.

आता जिथे मी गेलेली नाही ती दोन-तीन.

उजनीच्या पाण्यात गेलेलं पळसदेवचं देऊळ कडक उन्हाळ्यात वर येतं, ते बघायला आम्ही होडीने जातो. तसंच इटलीच्या उत्तर टोकाला, ऑस्ट्रियाच्या सीमेजवळ, ग्राउन नावाचं गाव १९५० मध्ये धरणाखाली गेलं. चर्चचा चौदाव्या शतकातला मनोरा तेवढा पाण्याबाहेर उभा आहे. हिवाळ्यात तलाव गोठला की लोक चालत मनोऱ्यापर्यंत जातात. मुद्दाम एवढ्यासाठी इटली गाठू नका. त्या भागात असाल तर एक दिवस ठेवा.

ऑस्ट्रेलियातलं कूबर पीडी मात्र सोलापूरकराने एकदा बघावंच. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी रस्त्यावर कुत्रं नसतं. त्या गावाने उन्हावर उपाय म्हणून जमिनीखाली घरं कोरली. ॲडलेडपासून उत्तरेला सुमारे ८५० किलोमीटरवर, वाळवंटात. १९१५ मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाला तिथे ओपल हे रत्न सापडलं, खाणी सुरू झाल्या, आणि खाणीत गारवा असतो हे कळल्यावर माणसं तिथेच राहायला गेली. बाहेर चाळिशीच्या वर पारा असताना आत पंखाही न लावता तेवीस-चोवीस अंश! घरं, हॉटेलं, चर्चसुद्धा जमिनीखाली आहेत. गोल्फचं मैदान आहे, पण गवताचं पातं नाही. खेळणारे हिरवळीचा तुकडा बरोबर घेऊन फिरतात आणि त्यावर चेंडू ठेवून मारतात. गावाबाहेर उघड्या खड्ड्यांचे फलक असतात, त्यातला एक 'मागे चालू नका' असा. फोटो काढणाऱ्यांसाठीच असणार तो. मामेभाऊ ॲडलेडला असतो, तो म्हणाला जून ते ऑगस्ट बरा, तेव्हा तिकडे थंडी असते. चटणी-भाकरी नेलीत तर विमानतळावर फॉर्ममध्ये लिहा. लपवलंत तर दंड जबर बसतो.

आणि चीनमधलं शिजियाझुआंग. हे पर्यटनस्थळ म्हणून कोणी सुचवणार नाही. हेबेई प्रांताच्या राजधानीचं, कारखान्यांचं मोठं शहर आहे. पण तिथल्या हुतात्मा स्मारक उद्यानात आमच्या गावचा माणूस आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जन्म सोलापूरचा, १९१० चा. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला पाच भारतीय डॉक्टरांचं पथक गेलं, त्यात ते होते. कोटणीस परतले नाहीत. १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच गुओ चिंगलान यांच्याशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेले. उद्यानात त्यांचा पुतळा आहे, आणि संग्रहालयात भारतातून चीनला जाताना त्यांनी स्वतः लिहिलेली शब्दांची वही. ज्यांच्या नावाचं ते रुग्णालय, ते कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांचंही स्मारक त्याच आवारात आहे. बीजिंगहून वेगवान रेल्वेने दीड तासाच्या आत पोहोचता येतं. जवळच्या झेंगदिंग या जुन्या गावात लोंगशिंग मंदिर आहे, आत वीस मीटरहून उंच ब्राँझची मूर्ती. ती धरली की दोन दिवस सहज भरतात. जाण्याआधी सोलापुरात भैय्या चौकातलं कोटणीस स्मारक बघून घ्या, कारण तिकडची बरीचशी माहिती चिनीत आहे.

सोकोत्रा बेट आणि तुर्कमेनिस्तानातलं दरवाझाचं जळतं विवर तुमच्या वाचनात आलं असेलच. सोकोत्रा येमेनचं, विमान कधी बंद होईल याचा भरवसा नाही. दरवाझाची आग आता पूर्वीसारखी राहिलेली नाही आणि त्या देशाचा व्हिसा म्हणजे कटकट. पहिल्याच आडवाटेला हे नको.

तुम्ही कशातले आहात ते लिहिलेलं नाही, त्यामुळे दिवस, खर्च आणि ऋतू बघून मी मर्गिलानच म्हणेन. ई-व्हिसा मिळतो. दिल्लीहून ताश्कंदला थेट विमान आहे, साधारण तीन तासांचं. सोलापूरकर असाल तर सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठून पुढे जा. ताश्कंदला एक दिवस ठेवा, लालबहादूर शास्त्रींचा पुतळा आहे तिथे जाऊन या. तिथून मर्गिलानला रेल्वे जाते, पाचेक तास लागतात. वाटेत १९ किलोमीटरचा कामचिक बोगदा लागतो, २०१६ मध्ये सुरू झालेला. त्याच्या अलीकडचे-पलीकडचे डोंगर बघण्यासारखे आहेत, म्हणून दिवसाची गाडी घ्या. मर्गिलानात तीन रात्री, त्यात गुरुवार किंवा रविवार येईल असं बघा. उरलेले दिवस समरकंदला. नोव्हेंबरात सकाळ-संध्याकाळ स्वेटर लागतो.

कापड घ्याल तेव्हा अद्रस उलटून बघा. दोन्ही बाजूंना नक्षी सारखीच ठसठशीत असेल तर धागा रंगवून विणलेलं आहे. मागची बाजू पांढरट दिसली तर तो छापील माल, दुकानदार काहीही सांगो.